वाऱ्याशी झुंजणारी मोटार

(संस्थेच्या विज्ञान प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी केलेले भाषण)



विज्ञान प्रदर्शनाच्या उद्घाटनाला इतिहासाच्या शिक्षकाने बोलावे हे थोडे चमत्कारिकच आहे. मी बी.ए., बी.एड. मला मोटारीचे एंजिन उघडून दाखवले तर कोणता भाग कुठला, हे मी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. तरीही आज मी जगातल्या सर्वांत वेगवान मोटारींविषयी बोलणार आहे. त्याला कारण नववीच्या वर्गातला एक विद्यार्थी. औद्योगिक क्रांतीचा धडा चालू असताना त्याने उभे राहून विचारले, "सर, जमिनीवरून सर्वांत जोरात पळालेली मोटार कोणती? आणि ती कुणी बनवली?" मी वर्तमानपत्रात वाचलेले एका महागड्या गाडीचे नाव ठोकून दिले. तो नम्रपणे म्हणाला, "ती दुकानात मिळणारी गाडी झाली, सर." वर्ग हसला. मीही हसलो, पण घरी जाताना प्रश्न डोक्यात घोळत राहिला. मग हाती लागले ते वाचत गेलो आणि जे कळले ते आपल्यापुढे ठेवीत आहे.

या मुलाचे वडील आपल्या गावात गॅरेज चालवतात. सारे त्यांना उस्ताद म्हणतात, मीही म्हणतो. ते मागच्या पावसाळ्यात मला शाळेत भेटायला आले होते. म्हणाले, "सर, पोराचं डोकं चालतं, मला ठाऊक आहे. पण दहावी करून त्याला कोण बोलावणार? शेवटी पाना हातात घ्यायचाच आहे, तर दोन वर्षं आधी घेतलेला काय वाईट?" त्या दिवशी मला उत्तर सुचले नाही. आजच्या भाषणात ते उत्तर आहे असा माझा दावा नाही. पण हा विषय वाचताना उस्तादांचा तो प्रश्न सतत माझ्याबरोबर होता, हे आधीच सांगून टाकतो.

प्रथम ही स्पर्धा काय आहे ते सांगितले पाहिजे. यात दोन गाड्या शेजारी शेजारी धावत नाहीत. एक गाडी, एक सरळ रेषा आणि एक घड्याळ, एवढाच सारा मामला. गाडी लांबून वेग घेत येते, मधला मोजलेला एक मैल किंवा एक किलोमीटर पार करते, आणि त्या अंतराला लागलेल्या वेळावरून तिचा वेग ठरतो. पण एकदा धावून भागत नाही. तासाभराच्या आत गाडीने उलट दिशेने त्याच मैलातून परत धावले पाहिजे, आणि दोन्ही धावांची सरासरी हाच खरा वेग मानला जातो. वारा पाठीशी घेऊन कुणीही शहाणा होतो. तोच वारा तोंडावर घेऊन किती पळता ते दाखवा, असे हा नियम म्हणतो. परीक्षेच्या पद्धतीत आपण असे काही आणू शकलो तर काय बहार होईल, असे शिक्षक म्हणून मला वाटून गेले.

पहिला नोंदलेला उच्चांक १८९८ सालचा आहे. पॅरिसजवळ आशेर येथे शासलू-लोबा नावाच्या फ्रेंच सरदाराने ताशी ६३ किलोमीटरचा वेग गाठला. पुढच्याच वर्षी कामी जेनात्झी या बेल्जियन गृहस्थाने ताशी १०५ किलोमीटरच्या वर जाऊन शंभरी ओलांडली. विशेष म्हणजे या दोन्ही गाड्या विजेवर चालणाऱ्या होत्या. आज विजेची रिक्षा दिसली की आपण मान वळवून पाहतो, आणि सव्वाशे वर्षांपूर्वी जगातली सर्वांत वेगवान मोटार विजेचीच होती! १९०६ मध्ये वाफेवर चालणाऱ्या स्टॅन्ले गाडीने अमेरिकेच्या समुद्रकिनाऱ्यावर ताशी २०० किलोमीटरची हद्द ओलांडली. त्यानंतर पेट्रोलच्या एंजिनाचे युग आले, तेही साध्यासुध्या एंजिनाचे नव्हे. पहिल्या महायुद्धानंतर विमानांची अवजड एंजिने हाती लागली, ती मोटारीच्या सांगाड्यावर बसवून ब्रिटिश लोक वेल्सच्या आणि अमेरिकेच्या वाळूवर उतरले. १९२७ च्या मार्चमध्ये सीग्रेव्ह यांनी ताशी २०० मैल ओलांडले. त्याच महिन्याच्या आरंभी पॅरी-टॉमस हे हुशार अभियंते वेल्समधील पेंडाइनच्या किनाऱ्यावर आपल्याच 'बॅब्ज' नावाच्या गाडीत मरण पावले होते. लोकांनी ती गाडी तिथेच वाळूत पुरली. ती १९६९ मध्ये उकरून काढून पुन्हा चालती करण्यात आली. पेंडाइन हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

१९३५ मध्ये माल्कम कॅम्पबेल यांनी ताशी ३०० मैल गाठले, ते अमेरिकेतल्या यूटा राज्यातील बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर. आटलेल्या सरोवराचा तळ, मैलोन्‌मैल सपाट आणि पांढराशुभ्र. तिथली एक गंमत सांगतो. आयस्टन यांची 'थंडरबोल्ट' ही चकचकीत ॲल्युमिनियमची गाडी घड्याळाच्या प्रकाशविद्युत यंत्रापुढून भरधाव गेली आणि यंत्राला ती दिसलीच नाही! पांढऱ्या मिठावर पांढरी झळाळी. शेवटी गाडीच्या अंगाला काळा रंग लावावा लागला.

या काळातली मला सर्वांत आवडलेली गाडी जॉन कॉब यांची. तिचा आराखडा रीड रेल्टन यांचा. त्यात विमानाची दोन एंजिने होती, एक पुढची चाके फिरवी आणि दुसरे मागची. आता गॅरेजातल्या मंडळींनी कान द्यावा. या गाडीला रेडिएटर नव्हता. रेडिएटर म्हणजे वाऱ्याला आत घेणारे भोक आणि तेवढाच वाऱ्याचा अडथळा. म्हणून रेल्टन यांनी बर्फाची टाकी बसवली. धाव काही मिनिटांची, तेवढा वेळ बर्फ एंजिनाला थंड ठेवी. १९४७ मध्ये कॉब यांचा सरासरी वेग ताशी ३९४ मैल, म्हणजे ६३४ किलोमीटर भरला.

वाऱ्याचे हे गणित जरा समजून घेऊ, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. सायकलवर समोरून वारा असला की काय होते ते आपण जाणतो. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा विरोध दुप्पट होत नाही, तो चौपट होतो. आणि तो विरोध दुप्पट वेगाने मागे रेटायचा म्हणून लागणारी शक्ती आठपट होते. म्हणजे ३०० मैलांवरून ६०० मैलांवर जायचे तर दोन एंजिनांच्या जागी चार लावून भागणार नाही, सोळा लागतील, आणि सोळा एंजिनांचे ओझे कोण वाहणार? शिवाय ती शक्ती चाकांतून जमिनीला द्यायची, आणि मीठ किंवा माती ती सोसत नाही, चाक जागीच घसरते. १९६४ मध्ये डोनाल्ड कॅम्पबेल यांनी, म्हणजे माल्कम यांच्या चिरंजीवांनी, ऑस्ट्रेलियातल्या एअर सरोवराच्या कोरड्या तळावर ताशी ४०३ मैलांचा उच्चांक केला. त्या गाडीचे टर्बाइन एंजिनही चाकेच फिरवीत होते. पण त्या रस्त्याने फार पुढे जाता येणार नाही, हे तोवर उघड झाले होते.

पुढचा रस्ता काढला तो अमेरिकेतल्या गॅरेजवाल्यांनी. त्यांनी जेट विमानाचे एंजिन गाडीत आडवे ठेवले. एंजिन मागे झोत सोडते, गाडी पुढे ढकलली जाते, चाके नुसती गडगडतात. चाकांनी जमीन पकडायची गरजच उरली नाही. क्रेग ब्रीडलव्ह हा पूर्वी अग्निशामक दलात काम केलेला तरुण. त्याने सैन्याने मोडीत काढलेल्या एंजिनावर 'स्पिरिट ऑफ अमेरिका' बांधली आणि १९६३ मध्ये ताशी ४०७ मैल गाठले. तिला तीनच चाके होती, म्हणून मोटारींच्या जागतिक संघटनेने तिला मोटार मानलेच नाही. तिचा उच्चांक मोटारसायकलींच्या संघटनेने नोंदवून घेतला. कागदपत्रे सगळीकडे सारखीच.

पण मला सांगायचे आहे ते आर्ट आरफन्स यांच्याविषयी. ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावी त्यांच्या घरची पशुखाद्याची गिरणी होती. त्यांच्याकडे अभियांत्रिकीची पदवी नव्हती. त्यांनी भंगारवाल्याकडून जे-७९ जातीचे लढाऊ विमानाचे एंजिन सहाशे डॉलरला विकत घेतले. एवढे स्वस्त का, तर आत काहीतरी ओढले जाऊन त्याची पाती मोडली होती. आरफन्स यांनी कंपनीकडे दुरुस्तीचे पुस्तक मागितले. ते मिळाले नाही, कारण ते एंजिन अजून लष्करी गुपितात मोडत होते. मग त्यांनी पुस्तकावाचून काम सुरू केले. मोडकी पाती काढून टाकली आणि तोल राहावा म्हणून त्यांच्या बरोबर समोरची चांगली पातीही काढली. एंजिन आवारातल्या झाडांना साखळदंडाने बांधून चालू करून पाहिले. ते चालले. त्याभोवती त्यांनी 'ग्रीन मॉन्स्टर', म्हणजे हिरवा राक्षस, नावाची गाडी बांधली.

ही हकीगत मी उस्तादांना त्यांच्या गॅरेजात चहा पिताना सांगितली. ते हातातले काम थांबवून ऐकत होते. समोरची पाती काढल्याचे सांगितल्याबरोबर ते म्हणाले, "बरोबर आहे. पंख्याचं एक पातं मोडलं तर पंखा छताला राहत नाही. समोरचं काढलं तर हवा कमी देईल, पण राहील." मला हे वाचून समजायला दोन दिवस लागले होते.

१९६४ चा ऑक्टोबर महिना तर विलक्षणच. बॉनव्हिलच्या मिठावर एका महिन्यात पाच वेळा उच्चांक मोडला गेला. २ तारखेला आर्ट यांचे भाऊ वॉल्ट यांची गाडी टॉम ग्रीन यांनी चालवून ताशी ४१३ मैल केले. तीन दिवसांनी आर्ट आले, ४३४. मग ब्रीडलव्ह दोनदा, दुसऱ्या वेळी ५२६. आणि २७ तारखेला आर्ट पुन्हा, ५३६. ब्रीडलव्ह यांच्या त्या दुसऱ्या धावेत थांबण्याची हवाई छत्री तुटून गेली, ब्रेक जळून गेले, गाडी टेलिफोनचे खांब तोडीत मिठाच्या पाण्याच्या तळ्यात नाक खुपसून पडली आणि चालक पोहत बाहेर आला! पुढच्या वर्षी त्याच ब्रीडलव्हने नव्या गाडीत ताशी ६०० मैल ओलांडले. आणि १९६६ मध्ये आरफन्स यांची गाडी सुमारे ६१० मैलांच्या वेगात असताना पुढच्या चाकाचे बेअरिंग जाम झाले. गाडीचे तुकडे मैलभर विखुरले. आरफन्स खरचटण्यावर निभावले, हे नशीबच म्हणायचे. एक बेअरिंग! १९७० मध्ये गॅरी गॅबेलिच यांनी 'ब्लू फ्लेम' या रॉकेटगाडीतून ताशी १००१ किलोमीटर गाठले, आणि मग जवळजवळ तेरा वर्षे कुणाला पुढे जाता आले नाही.

का जाता आले नाही? कारण आता समोर ध्वनीचा वेग उभा होता. तो ताशी १२०० किलोमीटरच्या आसपास असतो, हवा थंड असेल तर थोडा कमी. या वेगाच्या जवळ गेले की हवा बाजूला सरकायला वेळच मिळत नाही, ती गाडीपुढे दाबली जाऊन धक्क्याच्या लाटा तयार होतात. विमानाला खाली-वर मोकळी हवा असते. मोटारीच्या पोटाखाली मात्र जेमतेम वीतभर जागा, आणि त्या जागेत लाट अडकली की दाब क्षणात बदलतो. दाब वाढला तर नाक उचलले जाऊन गाडी पालथी होईल, कमी झाला तर नाक जमिनीत घुसेल. इथे भंगारातले एंजिन आणि हाताची कसब पुरी पडत नाही. झाडाला बांधून हे तपासता येत नाही.

रिचर्ड नोबल हे ब्रिटिश गृहस्थ अभियंता नव्हते. लहानपणी त्यांनी स्कॉटलंडच्या सरोवरात जॉन कॉब यांची वेगवान नाव पाहिली होती, तीच नाव १९५२ मध्ये कॉब यांच्या मृत्यूला कारण झाली. ते वेड नोबल यांच्या मनातून गेले नाही. त्यांनी बांधलेली पहिली गाडी उलटली आणि १७५ पौंडांना भंगारात गेली. दुसरी, 'थ्रस्ट टू', जॉन ॲक्रॉइड यांच्या आराखड्यावर बांधली आणि ४ ऑक्टोबर १९८३ रोजी नेवाडा राज्यातील ब्लॅक रॉक वाळवंटात तिने ताशी १०१९ किलोमीटर गाठून ब्लू फ्लेमला मागे टाकले. मग त्यांच्या मनात ध्वनीचा वेग आला आणि ते रॉन एअर्स यांच्याकडे गेले. एअर्स यांनी आयुष्यभर विमाने आणि क्षेपणास्त्रे यांच्या वायुगतीचा अभ्यास केलेला. त्यांनी आधी नोबल यांना सांगितले की हे होणे नाही. पण प्रश्न डोक्यात शिरला की काय होते ते मी आज स्वतःच्या अनुभवावरून सांगू शकतो. काही काळाने एअर्स आराखडा घेऊन आले.

त्या आराखड्यात एंजिने दोन होती, दोन्ही पुढे, मधल्या निमुळत्या देहाच्या दोन्ही अंगांना. वजन पुढे आणि शेपूट मागे, बाणासारखे. पण एंजिने पुढे घेतल्यामुळे पुढची चाके वळवायला जागाच उरली नाही. म्हणून मागची चाके वळवायची ठरले, तीही शेजारी शेजारी नव्हे तर थोडी पुढेमागे. रिव्हर्समध्ये गाडी चालवताना ती कशी बिचकते हे चालकांना माहीत आहे, आणि इथे ताशी बाराशे किलोमीटर. तेव्हा त्यांनी एका छोट्या 'मिनी' मोटारीला तशी मागची चाके बसवून आधी चालवून पाहिली. गाडीभोवतीच्या हवेचे गणित मोठ्या संगणकावर केले. पण संगणक म्हणतो म्हणून त्यावर एका माणसाचा जीव लावायचा का? मग गाडीची छोटी प्रतिकृती रॉकेटने रुळावर पळवली आणि तिच्यावरचे प्रत्यक्ष दाब संगणकाच्या आकड्यांशी ताडून पाहिले. हे प्रयोग कुठे झाले? पेंडाइनला. जिथे पॅरी-टॉमस गेले, त्याच पेंडाइनला. आकडे जुळले, तेव्हा गाडी बांधायला घेतली.

तिचे नाव 'थ्रस्ट एसएससी'. लांबी सुमारे साडेसोळा मीटर, वजन दहा टनांवर, आणि चालक अँडी ग्रीन. ते ब्रिटिश हवाई दलाचे लढाऊ वैमानिक, आणि त्याआधी ऑक्सफर्डचे गणिताचे पदवीधर. पहिल्या वेगवान चाचण्या १९९६ आणि १९९७ मध्ये जॉर्डनच्या अल-जफर वाळवंटात झाल्या. पहिल्या वर्षी तर वाळवंटात पाऊस पडून सारा तळ पाण्याखाली गेला आणि मंडळींना परतावे लागले. पुढे अमेरिकेला गाडी न्यायची वेळ आली तेव्हा मालवाहू विमानाच्या इंधनाला पैसे नव्हते. नोबल यांनी लोकांपुढे हात पसरला आणि सामान्य माणसांनी पंचवीस पंचवीस गॅलन इंधनाचे पैसे पाठवले. आपल्या इमारत निधीची पावतीपुस्तके घेऊन दारोदार फिरलेल्या सभासदांना यात काही नवल वाटणार नाही.

एकदम वेग गाठायचा नाही, हा त्यांचा रिवाज होता. प्रत्येक धावेत थोडा वेग वाढवायचा, चाकांवरचा भार, देहावरचा दाब, सारे आकडे पाहायचे, अपेक्षेप्रमाणे असतील तरच पुढची धाव. १३ ऑक्टोबर १९९७ रोजी गाडीने दोन्ही दिशांनी ध्वनीचा वेग ओलांडला. वाळवंटापलीकडच्या गावात स्फोटासारखा आवाज पोहोचला. पण परतीची धाव सुरू व्हायला एकसष्ट मिनिटे लागली. एक तासाचा नियम, एक मिनिट जास्त. उच्चांक नाही! कुणी रदबदली केली नाही, कुणी वशिला लावला नाही. दोन दिवसांनी, १५ ऑक्टोबरला, पुन्हा सारे केले आणि या वेळी वेळेत केले. सरासरी वेग ताशी १२२७.९९ किलोमीटर. मोजलेला मैल पार करायला पावणेपाच सेकंदही लागले नाहीत. चक यीगर यांनी विमानातून ध्वनीचा वेग ओलांडला त्याला आदल्याच दिवशी पन्नास वर्षे पूर्ण झाली होती. तर, विद्यार्थी मित्रहो, त्या प्रश्नाचे उत्तर हे. इतक्या वर्षांत हा उच्चांक कुणी मोडलेला नाही.

आज इथे मुली मोठ्या संख्येने आहेत, म्हणून दोन नावे घेतो. किटी ओनील या अमेरिकन महिला बालपणीच्या आजारात श्रवणशक्ती गमावलेल्या. त्यांनी १९७६ मध्ये ओरेगॉनच्या अल्व्हर्ड वाळवंटात रॉकेटगाडीतून ताशी ५१२ मैल गाठले. त्याच वाळवंटात २०१९ च्या ऑगस्टमध्ये जेसी कॉम्ब्स यांनी ५२२ मैलांची नोंद केली. त्या स्वतः वेल्डिंग आणि पत्र्याचे काम करणाऱ्या कसबी कारागीर होत्या. परंतु त्या धावेत पुढचे चाक निकामी झाले आणि त्या जागीच गेल्या. उच्चांक त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या नावावर लागला. हा खेळ किती जीवघेणा आहे हे लपवून मला तुम्हाला काही सांगायचे नाही. इथे बसलेल्यांपैकी कुणी मोटारसायकल घेऊन घाटात याचा प्रयोग करू पाहील, तर त्याने आधी एकसष्टाव्या मिनिटाला थांबणारी ती माणसे आठवावीत.

२००८ मध्ये नोबल, एअर्स आणि ग्रीन यांनी 'ब्लडहाउंड' नावाची नवी योजना जाहीर केली. लक्ष्य ताशी १००० मैल. शाळांतील मुलांना विज्ञानाची गोडी लावणे हा तिचा उघड हेतू होता. जागा शोधली दक्षिण आफ्रिकेच्या उत्तर केप प्रांतात, हाक्सकीन पॅन नावाचा कोरडा तळ. जागा उत्तम, पण तिच्यावर सर्वत्र दगडगोटे. यंत्राने उचलावेत तर पृष्ठभाग फाटतो. तेव्हा तिथल्या मीर वस्तीतले ३१७ लोक कामाला लागले. त्यांनी दोन कोटी वीस लाख चौरस मीटर जमिनीवरून हाताने दगड वेचले. किती? साडेसोळा हजार टन. भागाकार करा, माणशी बावन्न टन होतात. जगातली सर्वांत प्रगत मोटार आणि तिच्यापुढे वाकून खडे वेचणारी माणसे, हे चित्र मला फार दिवस सोडून गेले नाही. पुढे योजनेचे पैसे संपले, २०१८ मध्ये ती बुडता बुडता एका उद्योजकाने घेतली आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये त्या वेचलेल्या जमिनीवर गाडीने ताशी १०१० किलोमीटर गाठले. हजार मैल राहून गेले. पुढे ती गाडी कॉव्हेंट्रीच्या संग्रहालयात, आपल्या दोन थोरल्या बहिणींशेजारी ठेवण्यात आली.

आता शेवटचे. माझ्या त्या विद्यार्थ्याने याच ब्लडहाउंडच्या चाकाचा तक्ता प्रदर्शनासाठी केला आहे. चाक सबंध ॲल्युमिनियमचे, टायर नाही, कारण या वेगाला रबर टिकतच नाही. व्यास नव्वद सेंटिमीटर. ताशी १०१० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २८० मीटर, म्हणजे चाक एका सेकंदात जवळजवळ शंभर वेळा फिरते. आपल्या डोक्यावरचा हा पंखा पूर्ण जोरात असला तरी सेकंदाला सहा फेरेही घेत नाही. मग त्याने पुढचा हिशेब मांडला, चाकाच्या कडेला चिकटलेला एक ग्रॅमचा कण चाकाला बाहेर किती ओढेल? वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या. विज्ञानाच्या बाईंनी सूत्र दिले होते. त्याचे उत्तर आले पावणेदोन किलो. तक्ता रंगवून झाला, माझ्याकडे आला, मी शाबासकी दिली. इतिहासाचा शिक्षक, मला काय कळणार!

रविवारी तो तक्ता गॅरेजात वाळत टाकला होता. उस्तादांनी वाचला आणि मुलाला हाक मारली. म्हणाले, "चाकाला दहा ग्रॅम शिसं कमी पडलं तर ऐंशीच्या वेगाला स्टीअरिंग हातात थरथरतं. इथे हजाराच्या वर वेग, आणि ओढ नुसती पावणेदोन किलो? कुठंतरी चुकलंय. पुन्हा कर." मुलाने पुन्हा केले. २८० चा वर्ग करताना एक शून्य गळले होते. खरे उत्तर पावणेअठरा किलो, एका ग्रॅमला! सूत्र बापाला माहीत नव्हते, आणि चूक मुलाला आणि मला दिसली नव्हती.

एप्रिलनंतर हा मुलगा दहावीच्या वर्गात बसेल की गॅरेजात, हे अजून ठरलेले नाही. उस्ताद विचार करतो म्हणाले आहेत. तक्ता शेजारच्या खोलीत दाराजवळ लावला आहे, खोडलेला आकडा तसाच ठेवून त्याच्यावर नवा लिहिला आहे. मुलगा तिथे उभा आहे आणि मघाशी पाहिले तेव्हा त्याचे वडीलही होते. चाकाविषयी जे विचारायचे ते कृपया त्या दोघांना विचारा, मला नको.